आरटीएक्स ३०६० (१२ जीबी): दहा महिने, एक पावसाळा आणि एक गंजलेली पट्टी

‘कार्डावर गंज आढळला, वॉरंटी लागू नाही.’ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाबद्दल (संगणकात खेळांचं चित्र तयार करणारा भाग) सर्व्हिस सेंटरचा हा निरोप मोबाइलवर आला आणि त्याच रात्री मी हे लिहायला बसलो. अर्धं तेव्हा रागात लिहिलं, उरलेलं कार्ड परत आल्यावर. जिथे मत बदललं तिथे तसं सांगतो.

घर रत्नागिरीत, मांडवीला. समुद्र चालत पाच मिनिटांवर. मशीन २०२० चं: आय५ १०४००एफ प्रोसेसर, बी४६० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ फ्रेम दाखवणारा) मॉनिटर. साडेतीन वर्षं त्यात जीटीएक्स १६५० होतं. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नव्हती, सगळे ७५ वॅट स्लॉटमधूनच घ्यायचं आणि कधी कुरकुरलं नाही. पण मेमरी ४ जीबी. सायबरपंक हा खेळ लावला की सगळी सेटिंग खाली आणून सेकंदाला तीस फ्रेम, आणि भिंतींवरचे पोत (टेक्स्चर) आपण पोहोचल्यावर उमटायचे.

२०२३ च्या दिवाळीत तीन कार्डांत निवड होती. आरएक्स ६६०० सर्वांत स्वस्त. आरटीएक्स ४०६० वीज सर्वांत कमी खाणारं, ११५ वॅट. तरी दोन्ही सोडली, कारण ही दोन्ही कार्डं आठच लेनवर (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) चालतात आणि माझा बोर्ड पीसीआयई या जोडणीच्या जुन्या ३.० पिढीचा. म्हणजे ४.० च्या बोर्डावर मिळणारा रस्ता माझ्याकडे निम्म्याने अरुंद. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर हे जाणवत नाही, पण ती भरली आणि सामान रॅममधून आणावं लागलं की खेळ अडखळतो. ३०६० ला सोळा लेन आणि १२ जीबी. २७,३०० रुपये मोजले.

घेताना एक गोष्ट बघाच. ३०६० याच नावाने ८ जीबीचंही कार्ड येतं. त्याची बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, १९२ ऐवजी १२८ बिटची, त्यामुळे ते चांगलंच हळू आहे. दुकानदाराने मला पहिल्यांदा तेच दाखवलं होतं, हजार-बाराशेने कमी सांगून. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लेनच्या बाबतीत माझं मत आता सौम्य झालंय. मित्राच्या तशाच जुन्या बोर्डावर ६६०० चालताना पाहिलं, मी खेळतो त्या खेळांत डोळ्यांना फरक दिसला नाही. मी त्या भीतीला जास्तच किंमत दिली. १२ जीबीबद्दल मात्र एक रुपयाचाही पश्चात्ताप नाही. फोर्झा होरायझन ५ मध्ये पोत सर्वांत वर ठेवून तासन्‌तास खेळलो, एकदाही झटका नाही. सायबरपंक हाय सेटिंगवर, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या दाखवणं) बंद ठेवून साठच्या आसपास. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) लावलं की ७५ ला टेकतं. ४०६० च्या ४० मालिकेतलं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः रचणं) यात नाही, पण ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला त्याचं काय करायचं?

विजेचं. हे कार्ड १७० वॅटचं आणि त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. माझा ४५० चा चांगल्या प्रतीचा आहे आणि १०४००एफ तसा कमी खाणारा प्रोसेसर, त्यामुळे तो बदलला नाही, दहा महिन्यांत त्याने दगाही दिला नाही. खरी अडचण यूपीएसची झाली. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. खेळ चालू असताना लाइट गेली की तो सांभाळण्याऐवजी सगळंच बंद करायचा. आमच्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते हे कोकणातल्यांना सांगायला नको. शेवटी १००० व्हीएचा घेतला, ४,९०० रुपये गेले. कार्डाच्या बजेटमध्ये हा खर्च मी धरलाच नव्हता, तुम्ही धरा. मग आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, फ्रेम ७५ ला बांधल्या. तीन-चार फ्रेम गेल्या, पण कार्ड १३६ वॅटच्या वर जात नाही आणि तापमान सात अंशांनी उतरलं. दोन तास रोज खेळलं तर जुन्या कार्डापेक्षा महिन्याला चार युनिटांच्या आत जास्त. आमचं बिल शंभर युनिटांच्या काठावर असतं, त्यापुढे दर चढतो, म्हणून घरात हा हिशेब मला मांडून दाखवावा लागला.

आता पट्टी. कार्डाच्या टोकाला, जिथे एचडीएमआयची पिन लावतो, तिथे पत्र्याची उभी पट्टी असते. कुठल्याही चाचणीत तिचा उल्लेख नसतो. १६५० ची पट्टी पांढरी, चकचकीत मुलाम्याची होती आणि त्याच कॅबिनेटमध्ये चार पावसाळ्यांत तिच्यावर डाग पडला नाही. नव्या कार्डाची पट्टी काळा रंग मारलेली. दिसायला देखणी. पण स्क्रू आवळला की वॉशरखालचा रंग खरवडला जातो आणि आत साधा पत्रा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे तांबूस ठिपका दिसला, महिनाअखेरीस तो कडेने एचडीएमआयपर्यंत पोहोचला. ज्या हवेत डब्यातले पापड सादळतात आणि खिडकीच्या गजांना दरवर्षी रेडऑक्साइड मारावा लागतो, तिथे सत्तावीस हजारांच्या वस्तूला दहा रुपयांचा मुलामा नसावा याचा मला आजही संताप येतो.

त्याच सुमारास एका पंख्याची कटकट सुरू झाली. वेग वाढला की बेअरिंगचा खडखडाट. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून कार्ड काढलं. नशिबाने द्यायच्या आधी सगळीकडून फोटो घेतले: सोनेरी पट्ट्या (कार्ड बोर्डात खोचलं जातं तिथले संपर्क), पोर्ट, मागची बाजू, सिरियल नंबर. रत्नागिरीत सर्व्हिस सेंटर नाही. दादरच्या मामांनी कार्ड मुंबईच्या सेंटरवर नेऊन दिलं. नवव्या दिवशी तो निरोप आला.

मामांचा फोन आला, “अरे, ते म्हणतात खारी हवा लागलीय, आता काही होणार नाही. घेऊन येऊ का परत?” मी म्हटलं, “मामा, आत्ता घेऊ नका. लेखी कारण मागा.” कारण कागदावर आलं: पट्टीला गंज. पंख्याबद्दल एक अक्षर नाही. मी फोटो जोडून मेल केला की बोर्डावर, पोर्टमध्ये, सोनेरी पट्ट्यांवर कुठेही गंज नाही, बिघाड पंख्याच्या बेअरिंगचा आहे आणि पट्टीचा बेअरिंगशी संबंध काय ते लिहून द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही मेलमध्ये घातला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत, हेही लिहिलं. पाचव्या दिवशी फोन आला, कार्ड दुरुस्तीला घेतलंय. तीन आठवड्यांनी दोन्ही पंखे नवे घालून परत मिळालं. कार्ड बांधणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, तंटा मिटला आहे. पण त्या रात्री मी ‘हे कार्ड घेऊ नका’ असं लिहिलं होतं, ते वाक्य आता काढलं.

पट्टी मात्र तीच, गंजलेली. १६५० ची बसवता येईल का पाहिलं, पण पोर्टांच्या खाचा जुळत नाहीत. शेवटी माझ्या कार्डावर ती ज्या दोन स्क्रूंनी धरलेली आहे ते सोडवले, पट्टी बाहेर काढून झिरो पॉलिशपेपरने घासली (कार्डावर असताना घासू नका, लोखंडाचा चुरा बोर्डावर पडतो), स्पिरिटने पुसून पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले. स्क्रू बसतो ती जागा कोरी ठेवली, कारण पट्टी कॅबिनेटच्या पत्र्याला तिथे टेकते आणि अर्थिंग जुळायला हवं. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं.

दुसरा उपाय आईने सुचवला. तिच्या रेशमी साड्यांच्या कपाटात पावसाळाभर झिरोचा बल्ब जळतो, बुरशी धरत नाही. तोच न्याय मशीनला लावला. पावसात आठ-आठ दिवस बंद ठेवायचं नाही, खेळायचं नसलं तरी रोज तासभर चालू. फक्त एवढं लक्षात ठेवा की कमी तापमानाला या कार्डाचे पंखे फिरतच नाहीत, त्यामुळे त्या तासात कॅबिनेटचे पंखे चालू हवेत, नाहीतर दमट हवा आतच राहते.

जुनं १६५० संगमेश्वरच्या एका मुलाला ६,५०० ला दिलं. त्याच्याकडे ऑफिसमधून निघालेलं जुनं मशीन आहे, साध्या सप्लायचं, पॉवर केबल नसलेलं. त्याला याहून सोयीचं कार्ड मिळालं नसतं. तो भाव धरून, यूपीएससकट माझे एकूण २५,७०० गेले.

काल गणपतीच्या सजावटीसाठी टेबल सरकवलं तेव्हा टॉर्च लावून मागे पाहिलं. लॅकर शाबूत आहे. स्क्रूच्या वरच्या बाजूला केसाएवढी तांबूस रेघ परत दिसली, तिथे आज पुन्हा तेल लावलं.