पुस्तकाचा ट्रेलर करायचा, की सरळ वाचूनच दाखवायचं?

ऑक्टोबर जवळ आला की शिक्षकांच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते : १५ तारखेच्या वाचन प्रेरणा दिनाला यंदा काय करायचं? हल्ली उत्तर ठरलेलं असतं. पुस्तकाचा ट्रेलर करा. मोबाइल खिशात आहे, ॲप फुकट आहे, मिनिटभराचा तर व्हिडिओ. मीही केले, पाचवी ते सातवीसाठी, दोन वर्षांत अकरा. त्यातले चार कामी आले. कामी आले म्हणजे मुलांनी पुस्तक नुसतं नेलं नाही, वाचून परत आणलं.

तुम्ही या वर्षी सुरुवात करणार असाल तर वाटा तीन. आपण स्वतः ट्रेलर बनवायचा. मुलांकडून बनवून घ्यायचा. किंवा मोबाइल टेबलावर पालथा ठेवून गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं.

पहिल्या वाटेवर मी चांगली आपटले आहे. माझा सगळ्यात गाजलेला ट्रेलर एका गूढकथेचा. गावातल्या विहिरीवरची कप्पी करकरते, दोर हळूहळू वर येतो आणि माझा आवाज : 'पोहरा वर आला. त्यात पाणी नव्हतं.' मग मुखपृष्ठ. पस्तीस सेकंद, संपलं. मधल्या सुट्टीत पुस्तकासाठी ओढाताण झाली. ज्याला मिळालं तो दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला, "बाई, यात पोहरा कुठंय?" पोहरा होता ४१व्या पानावर. त्याआधी एसटीचा प्रवास, मामाचा वाडा, गावाचं वर्णन. लेखकाची काही चूक नव्हती, मीच भलत्या गोष्टीची जाहिरात केली होती. तेव्हापासून ट्रेलरमध्ये दाखवायचं ते पहिल्या दहा पानांतलंच. शिवाय आतलं एखादं पान कॅमेऱ्यापुढे उलटायचं. अक्षर केवढं आहे, चित्रं किती आहेत, हे मुलाला आधीच कळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. सिनेमाचा ट्रेलर पाहून पुढे नुसतं खुर्चीत बसायचं असतं. पुस्तकाच्या ट्रेलरनंतर सगळं काम मुलालाच करायचं असतं. जे मूल अजून अक्षर जुळवत वाचतं, ते ट्रेलर पाहून सगळ्यांत जास्त हरखतं आणि दुसऱ्याच पानावर अडकतं. त्याच्यासाठी ट्रेलर म्हणजे निव्वळ चिडवणं.

वेळेचं म्हणाल, तर पहिल्या ट्रेलरला माझा अख्खा रविवार गेला. आता दोन तासांत होतो. त्यातला निम्मा वेळ आवाजावर जातो. पंखा बंद, डोक्यावरून गोधडी, आत मी आणि फोन. घरचे हसतात, पण गोधडीतला आवाज स्टुडिओसारखा येतो.

मुलांकडून करून घेतला तर वेळ जास्त लागतो, पण वाचन खरोखर तिथेच होतं. चाळीस सेकंदांत जेमतेम सहा-सात वाक्यं मावतात. ती कुठली, यावरून सहावीतल्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. एकाला कुत्रा हरवल्याचं सांगायचं होतं. दुसरा म्हणाला, ते सांगितलं तर शेवट फुटतो. भांडण मिटवायला दोघंही पुन्हा पुस्तकात शिरले, त्या आठवड्यात तीनदा. काय सांगायचं नाही हे ठरवायला पुस्तक जितकं नीट वाचावं लागतं, तितकं प्रश्नोत्तरं लिहायला कधीच लागत नाही.

फक्त एडिटिंग त्यांच्या हाती देऊ नका. एकदा दिलं, तर दोन ऑफ तास अक्षरं गरगर फिरवण्यात आणि सिनेमाचं गाणं शोधण्यात गेले. आता आम्ही एकाच टेकमध्ये उरकतो. दोन बाकांवर दप्तरांची चळत, त्यावर फूटपट्ट्यांच्या आधारानं आडवा फोन, खाली जमिनीवर खडूनं आखलेली चौकट. एक जण चौकटीत चित्रं आणि वस्तू सरकवतो, दुसरा बोलतो, तिसरा डब्यावर ताल धरतो. चुकलं की पहिल्यापासून. चेहरे दिसतच नाहीत, त्यामुळे लाजरी मुलंही पुढे येतात आणि व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला तरी जिवाला घोर नाही.

मोठ्यानं वाचण्याला ना ॲप लागतं ना वीज. रोज दहा मिनिटं. अडखळत वाचणारा पोरगाही इथे बाकीच्यांच्या बरोबरीनं गोष्टीत असतो, आणि पुढे काय झालं हे कळायला निदान पुढची दोनच पानं त्याला स्वतः वाचायची असतात. उणं एवढंच, की घसा बसतो आणि हे आपल्या वर्गापुरतं राहतं. परदेशात रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या, मराठी कळणाऱ्या पण देवनागरी सावकाश वाचणाऱ्या नातीला आजोबांनी पुण्याहून पाठवायचा तर ट्रेलरच सोयीचा. तो तिला झोपताना दहादा पाहता येतो.

हक्कांचं थोडक्यात. वर्गात दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचा मजकूर २०११पासून सगळ्यांना खुला आहे. पण आजच्या आवृत्तीतली चित्रं दुसऱ्या कुणाची असू शकतात, ती उचलू नका. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्यानं मिळतात. लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की काम भागतं. आणि नाहीतरी मुलांनी स्वतः काढलेलं वेडंवाकडं चित्र जास्त चालतं.

मग निवडायचं काय? मी आधी प्रती मोजते. कपाटात एकच प्रत असेल तर मी ट्रेलर दाखवतच नाही. तीस मुलांना भूक लावून एकाला वाढण्यासारखं होतं ते. ते पुस्तक वाचून दाखवते. चार-पाच प्रती असतील, किंवा एकाच लेखकाची बरीच पुस्तकं असतील, तर ट्रेलर, आणि तोही मुलांचा. स्वतःचा मी आता वर्षातून एखादाच करते, जून महिन्यात, ट्रेलर म्हणजे काय हे नव्या पाचवीला दाखवण्यापुरता. वर्ग नुकताच अक्षरओळखीतून बाहेर पडला असेल, तर दिवाळीपर्यंत फक्त वाचून दाखवा, फोन काढूच नका.

आणि ट्रेलर केलाच, तर शेवटच्या चौकटीत 'अवश्य वाचा' लिहू नका. आमच्या मुलांनी परवा खडूनं लिहिलं होतं : 'खालचा कप्पा, डावीकडून तिसरं. आत रोहनचं बुकमार्क आहे, ते काढू नका, तो अजून वाचतोय.'