तारेचे नेटवर्क की वाय-फाय? सोलापुरातील लहान कार्यालयासाठी तुलना

नवी पेठेतील दुकान असो वा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला टॉवेलचा कारखाना, चार संगणक आणि एक प्रिंटर एकमेकांना जोडण्याची वेळ आली की केबल ओढावी की वाय-फायवर भागवावे, हा प्रश्न उभा राहतो. वाय-फाय म्हणजे इंटरनेट, असा समज असल्यास तो आधी दूर करावा. बाहेरची जोडणी बंद पडली तरी राउटर चालू असेपर्यंत कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फाइली उघडू शकतात आणि प्रिंटही निघते. बिलांचे सॉफ्टवेअर कार्यालयातल्याच संगणकावर असेल, तर नेट गेले म्हणून गिऱ्हाइकाला थांबवण्याचे कारण उरत नाही.

वाय-फायची खरी सोय जागा भाड्याची असते तेव्हा कळते. भिंत फोडावी लागत नाही, जागा बदलली की राउटर उचलून नेता येतो आणि गोदामात फिरून मोबाइलवर मालाची नोंद घेता येते. लॅपटॉपमध्ये ही सोय मुळातच असते. जुन्या डेस्कटॉपला मात्र यूएसबी अडॅप्टर जोडावा लागतो.

वेगाच्या बाबतीत तार सरस आहे, यात वाद नाही. कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग देते आणि स्विचमुळे, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या पेटीमुळे, प्रत्येक संगणकाला स्वतःची वाट मिळते. वाय-फायमध्ये एकाच चॅनलवरील, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यातील, सर्व यंत्रे तीच हवा वाटून घेतात आणि आळीपाळीने बोलतात, म्हणून खोक्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात क्वचितच हाती लागतो.

तरीही माझ्या मते निर्णय वेगावर नव्हे, भिंतींवर घ्यावा. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती आणि यंत्रमागाच्या शेडमधले पत्रे व लोखंड लहरींना अडवतात किंवा परतवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे त्यातल्या त्यात बऱ्या पोहोचतात, परंतु तेथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर न चढता वापरता येतात, आणि दाट बाजारपेठेत शेजारच्या दुकानांचे राउटरही त्यांवरच असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी व वेग जास्त, मात्र जाड भिंतीपुढे या लहरी लवकर थकतात. अशा वेळी रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, घेण्याचा मोह होतो. पण तोच रेडिओ ऐकण्यासाठी व पुन्हा सांगण्यासाठी वापरणाऱ्या रिपीटरमुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा पलीकडच्या खोलीपर्यंत एक केबल नेऊन तेथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेली जोडणी वाय-फायने देणारे यंत्र, बसवणे चांगले.

सुरक्षिततेत तारेला थोडा फायदा आहे, कारण तिच्यात शिरण्यासाठी आत येऊन जोडणी करावी लागते. वाय-फायवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत राउटरच्या सेटिंगमध्ये निवडावी, जुनी व कमकुवत डब्ल्यूईपी वापरूच नये आणि गिऱ्हाइकांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवावे. वीज गेल्यावर राउटर आणि स्विच दोन्ही बंद पडतात, म्हणून दोहोंनाही यूपीएस हवा.

म्हणून जागेवरून न हलणारे संगणक, म्हणजे हिशेबाचा मुख्य संगणक आणि प्रिंटर, तारेवर ठेवावेत. लॅपटॉप व मोबाइल वाय-फायवर. जागा अकरा महिन्यांच्या कराराची असेल तर सगळेच वाय-फायवर चालवण्यास माझी हरकत नाही. स्वतःच्या इमारतीचे काम सुरू असेल, तर गिलावा होण्यापूर्वीच विजेच्या तारांपासून वेगळा पाइप टाकून प्रत्येक खोलीत केबल पोहोचवावी.