डब्यावर ३२००, चालते २१३३ वर: कॉर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्स कुठल्या बोर्डात घालावी

बेळगावात असेंबल पीसीचं कोटेशन काढलं की रॅमच्या ओळीत हे नाव बऱ्याचदा येतं: कॉर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्स, डीडीआर-४, वेग ३२००, ८ जीबीच्या दोन स्टिकचं किट. आमच्या बोर्डात (मदरबोर्डात) चालेल का, असं विचारलं तर काउंटरवरून उत्तर ठरलेलं, "चालतंय की ओ, घाला बिनधास्त." चालते, यात खोटं काही नाही. पण ३२०० ला चालते का, हे त्या स्टिकच्या हातात नाही. ते बोर्डाचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) आणि प्रोसेसर मिळून ठरवतात.

या किटची मूळ नोंद, म्हणजे स्टिकमध्ये लिहिलेला आपोआप लागू होणारा वेग, २१३३ ची आहे, १.२ व्होल्टवर. डब्यावर छापलेला ३२०० चा आकडा म्हणजे एक्सएमपी प्रोफाइल, स्टिकमध्येच भरलेली जास्त वेगाची तयार सेटिंग. त्याला १.३५ व्होल्ट लागतात, आणि ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाऊन हातानं चालू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी याच नावानं सापडेल. एएमडीच्या असूस बोर्डावर डीओसीपी आणि एमएसआयच्या बोर्डावर ए-एक्सएमपी शोधा. जोडणाऱ्यानं ते चालू केलं नाही, तर मशीन २१३३ वर वर्षानुवर्षं निवांत चालत राहतं आणि मालकाला पत्ताही लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथं स्पीड वाचा. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तिथं निम्मा आकडा दाखवतात.

आता खरी मेख. इंटेलचे एच ४१०, एच ५१० आणि एच ६१० हे चिपसेट रॅम ओव्हरक्लॉक करू देत नाहीत, म्हणजे प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगानं चालवू देत नाहीत. बी ४६० चंही तेच. बी मालिकेला ही मुभा मिळाली ती २०२१ मध्ये, बी ५६० पासून. एच ४१० बोर्डावर आय-३ १०१०० किंवा आय-५ १०४०० प्रोसेसर बसवला असेल तर कमाल वेग २६६६, मग स्टिक कितीही भारी घ्या. अशा बोर्डावर हे किट घेणं म्हणजे पैसे वाया. उलट १.२ व्होल्टची, सीएल २२ ची साधी ३२०० स्टिक घ्या (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत थांबायच्या ठोक्यांची संख्या). तिच्या मूळ नोंदीतच ३२०० असल्यामुळे बायोसला हात न लावता ती बोर्डाच्या मर्यादेपर्यंत आपोआप जाते. महागडी स्टिक २१३३ वर आणि स्वस्त स्टिक २६६६ वर, असा उलटा प्रकार यातूनच होतो. किट आधीच घेऊन झालं असेल तर बायोसमध्ये वेग २६६६ निवडा, आणि टायमिंग (अशाच थांब्यांचे चार आकडे, पहिला सीएल) बदलता येत असेल तर १४-१७-१७-३४ टाकून पाहा. डेटाचा पहिला तुकडा हाती यायला लागणारा वेळ १०.५ नॅनोसेकंद होतो, २१३३ वरच्या सीएल १५ ला तो १४ च्या आसपास असतो. फरक चांगला आहे आणि फुकट आहे.

डीडीआर-४ च्या एच ६१० वर इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर ३२०० मर्यादेतच बसतं, त्यामुळे एक्सएमपी चालू करून हे किट पूर्ण वेगानं धावतं. तिथं ३६०० चं किट मात्र घेऊ नका.

हे किट खरं खुलतं ते एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर. बी ४५० किंवा बी ५५० बोर्ड, रायझन ५ ३६०० किंवा ५६००, आणि ३२०० सीएल १६: बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात बसतं. रायझन ३२०० जी, ५६०० जी अशा ग्राफिक्स कार्डाविना चालणाऱ्या प्रोसेसरना तर रॅमचा वेग म्हणजे ग्राफिक्सचाच वेग. हिशोब बघा: दोन स्टिक ३२०० वर ५१.२ जीबी प्रति सेकंद, दोन स्टिक २१३३ वर ३४.१, आणि एकच स्टिक ३२०० वर फक्त २५.६. "आता एक टाका, दुसरी दिवाळीत घेऊ" हा सल्ला म्हणूनच नुकसानीचा. दिवाळीत मिळणाऱ्या स्टिकवर तीच चिप असेल याची हमी नाही. लेबलवर बारीक अक्षरात व्हर्जन छापलेलं असतं, त्यातला पहिला अंक ३ असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. मॉडेल क्रमांकात ३२०० च्या लगेच आधी बी असेल तर टायमिंग १६-१८-१८-३६, ई असेल तर १६-२०-२०-३८. किंमत सारखी असेल तर बी उचला.

बसवताना चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. पहिला आणि तिसरा घेतला तर बऱ्याच बोर्डांवर ३२०० ला डिस्प्लेच येत नाही, कारण तारांची जोडणी टोकाच्या, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटसाठी केलेली असते. टोकाचा स्लॉट रिकामा राहिला तर तो सिग्नल परत फेकतो. आधी बायोस अपडेट करा, मग एक्सएमपी. सेव्ह केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, पंखा थांबून पुन्हा फिरू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा पॉवर बटण दाबू नका. पाच मिनिटांनंतरही डिस्प्ले नाही, तर वीज काढून गोल सीआर २०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा किंवा सीमॉसचा जंपर (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या बोर्डावरच्या दोन पिना) क्षणभर जोडा. मग वेग ३००० किंवा २९३३ वर उतरवा, रॅमचं व्होल्टेज १.३७ करा, रायझनवर एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) १.१ व्होल्ट ठेवा. पहिल्या पिढीच्या रायझनवर २९३३ मिळालं तरी समाधान माना. त्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २६६६ आहे.

रायझन ५६०० आणि बी ५५० वर ३६०० चा प्रयत्न करण्यासारखा आहे: १८-२२-२२-४२, १.३५ ते १.४० व्होल्ट, एफसीएलके, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वाहिनीचा वेग, १८००. रॅम आणि ही वाहिनी सारख्याच तालात चालतात ते इथंपर्यंत. त्याच्या फार पुढे ताल तुटतो आणि वेग वाढूनही मशीन मंदावतं. चार स्टिक असतील तर ३२०० वरच थांबा.

विंडोज उघडलं म्हणजे काम झालं, असं मात्र कुणी धरू नये. रॅममधली चूक गपचूप काम करते. लग्नसराईत अल्बम डिझाइन करणाऱ्याची फाइल सेव्ह होते आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) थ्रीडी मॉडेल करणाऱ्याचा सॉफ्टवेअर मधेच बंद पडतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. झिप उघडताना सीआरसी एररही, म्हणजे फाइल बिघडल्याचा इशारा, येतो. म्हणून मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन चार फेऱ्या रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर वेग एक पायरी खाली आणा. "एकच तर एरर आहे" म्हणून सोडू नका, धंद्याच्या मशीनवर तर अजिबात नाही.

थंडाव्याची चिंता इथं फारशी नाही. बेळगावची हवा मवाळ, आणि १.३५ व्होल्टला एलपीएक्सची पातळ पत्र्याची पट्टी पुरते. स्टिक बुटकी असल्यानं मोठा हवेचा कूलरही वर आरामात बसतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात मात्र महिनाभर बंद राहिलेलं मशीन सुरू केल्यावर डिस्प्ले येत नाही तेव्हा रॅम गेली असं समजून नवी घेऊ नका. स्टिक काढा, पिवळे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि दोन्ही बाजूंनी खटका ऐकू येईपर्यंत दाबून बसवा. खोडरबर वापरलात तर त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.