लेबल घ्यायला जाताना प्रिंटरचं मॉडेल सांगा : गणपती पेठेतलं लेबलचं दुकान

आमचं विश्रामबागला घरगुती कांदा-लसूण मसाला, हळद पावडर आणि सीझनला बेदाणा पॅकिंगचं काम चालतं. लेबलं आणि रिबन (बारकोड प्रिंटरमध्ये घालायची शाईची पट्टी) सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका छोट्या दुकानातून घेतो आणि त्यांच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, कारण सांगली-मिरजेत लेबल विकणारे भरपूर आहेत पण गेल्या गेल्या "ताई, प्रिंटर कुठला?" असं विचारणारे मला तरी हेच भेटले. बाकी ठिकाणी साइज विचारतात, रेट सांगतात, विषय संपला. साइज नंतर ओ, आधी तुमचा प्रिंटर छापतो कसा ते बघायला लागतं.

माझ्यासमोर एक जण लेझर प्रिंटरसाठी चकचकीत इंकजेट लेबलची ए-फोर शीट मागत होता. दुकानाच्या काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. लेझरमध्ये टोनर म्हणजे शाईची पूड गरम रोलरने कागदावर बसवतात, तिथं साधारण 200 डिग्रीच्या आसपास तापतं, त्यात चुकीचं कोटिंग गेलं की ते वितळून रोलरला चिकटतं आणि फ्यूजर (हा गरम रोलरचा भाग) बदलायचा खर्च लेबलच्या पाकिटापेक्षा कितीतरी जास्त येतो. शीटवरची चार लेबलं काढून उरलेली शीट परत घालू नका हे पण त्यांनी त्याला सांगितलं, उघड्या जागेवरचा गोंद आत लागतो किंवा राहिलेलं लेबल आतच सुटतं. उलटं पण तसंच आहे, लेझरचं ग्लॉसी लेबल इंकजेटमध्ये घातलं तर शाई मुरतच नाही, बोट लावलं की पसरली. ऑनलाइन पाकिटावर "सर्व प्रिंटरसाठी" लिहिलेलं असतं, त्यावर माझा तरी भरवसा नाही.

पण या दुकानाची खरी किंमत कळते ती बारकोड प्रिंटरच्या रोलमध्ये. बाहेरून दोन्ही रोल पांढरेच दिसतात. काकांनी एका रोलवर नखाने जोरात ओरखडा काढला, लगेच काळी रेघ उमटली. हे डायरेक्ट थर्मल, याला रिबन लागत नाही, उष्णतेने कागदच काळा होतो. दुसऱ्यावर तसाच ओरखडा काढला तर काहीच नाही, ते क्रोमो, म्हणजे साधा गुळगुळीत कोटिंगचा कागद, त्याला रिबन लागणारच. म्हणजे फक्त डायरेक्ट थर्मल चालणारा प्रिंटर असेल आणि क्रोमोचा रोल घेऊन आलात तर लेबल कोरंच बाहेर येणार. कुरिअरचं चार बाय सहाचं लेबल डायरेक्ट थर्मलवर बिनधास्त छापा, त्याचं काम आठवडाभराचं. मसाल्याच्या पाकिटावर मात्र नको. ऊन, उष्णता आणि तेल लागलं की छपाई फिकट पडते किंवा अख्खा कागद काळपट होतो, आणि बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना नंबरच वाचता येत नसेल तर ते पाकीट दुकानात ठेवणार कोण?

आम्हाला त्यांनी हळदीच्या कोरड्या पाकिटाला क्रोमो आणि वॅक्स रिबन (मेणाच्या शाईची) दिली, आणि तेल सुटणाऱ्या कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीला पीपी फिल्मचं म्हणजे प्लास्टिकचं लेबल आणि वॅक्स-रेझिन रिबन (मेणात रेझिन मिसळलेली, जास्त टिकणारी). फिल्मवर साधी वॅक्स वापरली तर नखाने निघून येते, आणि रेझिनला प्रिंटरची हीट वाढवायला लागते हे पण त्यांनीच सांगितलं. रिबनची शाई कुठल्या बाजूला आहे ते बघायला लेबलची चिकट बाजू रिबनवर दाबून उचलायची, जिकडे काळं चिकटलं ती शाईची बाजू. लई सोपं आहे आणि चुकीची रिबन घरी येत नाही. रोलच्या नळीचं पण बघून घ्या, छोट्या टेबलावरच्या प्रिंटरला बहुतेक 1 इंची कोर लागतो, 3 इंचीवाला मोठ्या मशीनचा. लेबलची साइज बदलली की प्रिंटर कॅलिब्रेट करा, म्हणजे नवं माप त्याला ओळखू द्या, नाहीतर दोन लेबलांमधला गॅप सापडत नाही आणि एक लेबल छापून दोन कोरी सोडतो.

बेदाण्याचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला जातात त्यांच्यासाठी थंडीत टिकणाऱ्या गोंदाचं लेबल त्यांच्याकडे मिळतं, फक्त बॉक्स आत जायच्या आधी कोरडा असतानाच चिकटवायचं, बाहेर काढल्यावर दव धरलेल्या बॉक्सवर काही चिकटत नाही.

तक्रारी पण आहेत. रेट ऑनलाइनपेक्षा जरा जास्त, फिल्मच्या लेबलची ऑर्डर आधी द्यावी लागते, आणि सीझनला रेझिन रिबन संपलेली असते तेव्हा फोन करून जा. पण सँपल म्हणून हातभर पट्टी फुकट देतात, घरी छापून बघा म्हणतात, मला तर एवढ्यासाठीच जास्त पैसे द्यायला काही वाटत नाही.

जाणार असाल तर जुन्या लेबलचा तुकडा, रिबनचा तुकडा आणि प्रिंटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो घेऊन जा. पेठेत गाडी लावायला जागा नसते, दुपारी जेवणाच्या वेळेला गेलात तर जरा बरं पडतं.