घरात मांजर-कुत्रा असताना झुरळांवर काय वापरावं? डीई पावडर, जेल, खडू की बोरिकच्या गोळ्या

झुरळं किती झटपट मरतील, यापेक्षा आपला प्राणी कुठे चाटतो आणि कुठे नाक खुपसतो, हे आधी बघा. माझं तरी मत त्यावरच ठरतं.

मांजर असेल तर झुरळांसाठी रेघ ओढायचा औषधी खडू घरात आणूच नका. त्यात बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात आणि मांजराच्या यकृताला त्यांचा निचरा नीट करता येत नाही. मांजर रेघेवरून चालतं, मग निवांत बसून पंजे चाटतं. पोटात जास्त गेलं तर लाळ गळते, अंग थरथरतं, झटकेही येतात. बोरिक पावडरच्या कणीक-साखरेच्या गोळ्या तर कुत्र्याला खाऊच वाटतात.

डीई, म्हणजे डायटोमेशियस अर्थ, ही डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची भुकटी, मुख्यतः सिलिका. ती कीटकाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि कीटक कोरडा पडून मरतो. त्यामुळे प्राण्याने चुकून थोडी चाटली तरी विषबाधेची भीती नसते. खरा धोका श्वासाचा आहे. फूड ग्रेडच घ्या. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी भाजलेली पावडर नको, तिच्यात फुप्फुसांना घातक स्फटिकी सिलिका बरीच असते.

पसरायची रीतही महत्त्वाची. प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, पंखा बंद करा, नाकातोंडावर मास्क बांधा. सॉसच्या कोरड्या बाटलीतून फटीत अगदी हलकी फुंकर मारा. थर जेमतेम दिसला पाहिजे. ढीग केलात तर झुरळं वळसा घालून जातात आणि धूळ मात्र घरभर उडते. पिसवा झाल्या म्हणून प्राण्याच्या अंगाला ती चोळू नका: कातडी कोरडी पडते आणि भुकटी थेट नाकात जाते. पिसवा-गोचिडांचं औषध पशुवैद्याकडूनच घ्या.

डीईचे दोन तोटे. परिणाम दिसायला काही दिवस, कधी आठवडाही लागतो. शिवाय ओली झाली की वाळेपर्यंत ती निकामी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सिंकखाली तिचा काही उपयोग नाही.

तिथे जेल सरस. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलच्या जेलचे मसुरीएवढे थेंब बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या मागे, जिथे जीभ पोचणार नाही तिथे लावा. झुरळ ते खाऊन आपल्या जागी जाऊन मरतं, मेलेल्याला खाऊन इतरही मरतात. त्या जागी स्प्रे मारू नका, डीईही टाकू नका. झुरळं जेलकडे फिरकणार नाहीत. ससा असेल तर फिप्रोनिल टाळा.

मी ओट्याखाली जेल आणि कपाटामागच्या, चौकटीच्या कोरड्या फटींत डीई वापरेन. घरात पक्षी असेल, किंवा माणसाला वा मांजराला दमा असेल, तर डीई वगळून फक्त जेल. आणि प्राण्याने यातलं काही खाल्ल्याची शंका आली, तर पाकीट सोबत घेऊनच पशुवैद्याकडे जा. घटक वाचून उपचार लवकर ठरतात.