'प्राणी पळवणारी शिट्टी': रोही (नीलगाय) ऐकतो, पण हलत नाही

अंगठ्याएवढ्या दोन काळ्या प्लास्टिकच्या नळ्या, मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि पाकिटावर रस्त्यावरून बाजूला उडी मारणारं हरीण. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळते, आता तालुक्याच्या ठिकाणच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांतही टांगलेली दिसते. दावा असा: दुचाकी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास गेली की नळीतून वारा शिरतो, माणसाला जवळपास ऐकू न येणारा बारीक, म्हणजे फार उंच पट्टीचा, आवाज निघतो आणि पुढचं जनावर सावध होऊन रस्ता सोडतं.

आवाज निघतो, हे खरं. ढोरांचे, कुत्र्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज टिपतात, हेही खरं. गोची पुढे आहे. ऐकू येणं वेगळं आणि ऐकून योग्य दिशेला पळणं वेगळं. अमेरिकेत युटा राज्यात म्यूल हरणांवर या शिट्ट्यांची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९९२ साली छापून आला: शिट्टी लावलेल्या आणि न लावलेल्या गाडीपुढे हरणांच्या वागण्यात फरक पडला नाही. शिवाय बारीक आवाज हवेत लवकर विरतो. जो उरतो तो इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बुडतो.

आपल्याकडे आणखी एक उलटा हिशेब आहे. गावात शिरताना, ढोरं घरी परतायच्या वेळी, शहाणा माणूस गाडी ३०-३५ वर आणतो. म्हणजे जिथे जनावरं सगळ्यात जास्त, तिथे शिट्टी मुकी. आणि ती वाजते त्या वेगात तुम्हाला थांबायला जागा उरत नाही.

बसवतानाही घोळ होतो. हेडलाइटच्या काचेमागे किंवा नंबर प्लेटच्या आडोशाला चिकटवली तर वारा सरळ मिळत नाही. तोंड अगदी समोर आणि जमिनीला समांतर लागतं, म्हणजे पुढच्या मडगार्डची किंवा लेगगार्डची मोकळी जागा. पण मडगार्डवर पहिल्याच पावसात काळी माती उडते आणि नळीचं तोंड बुजतं. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात टेपचा डिंक मऊ होतो. दोनातली एक पडली तरी चालवणाऱ्याला कळत नाही, कारण आवाज त्याला ऐकू येतच नव्हता.

एवढ्यावर ही वस्तू निरुपयोगी म्हणून सोडून देता आली असती. पण ती नुकसानही करते: 'शिट्टी आहे ना' म्हणून काटा ५० वरून ६० वर जातो. त्या दहाची किंमत मोजून पाहा. जनावर दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पोहोचायला दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा डांबरी, टायर-ब्रेक ठीक. ४० च्या वेगात गाडी सुमारे २६ मीटरवर थांबते, ५० ला ३५, ६० ला ४५ आणि ८० ला जवळपास ७० मीटर. ३५ वॅटचा साधा हॅलोजन डिपरवर (उजेड खाली, जवळ) असताना काळी म्हैस सहसा ३०-४० मीटरच्या आत आल्यावरच कळते. म्हणजे रात्री ५० हीच हद्द. रस्त्यावर बारीक गिट्टी, ट्रॅक्टरच्या चाकाने आणलेला चिखल किंवा सुकायला घातलेलं धान असेल तर ब्रेकचं अंतर दुपटीवर जातं, तेव्हा ४० सुद्धा जास्त.

तेच पैसे हेडलाइटच्या सेटिंगवर घाला. खरं तर त्याला पैसेही लागत नाहीत. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, तुम्ही बसा आणि रोज मागे जेवढं वजन असतं तेवढं ठेवा. हा भाग सगळे विसरतात. दुधाच्या कॅन किंवा खताचं पोतं मागे असलं की गाडीचं नाक उचलतं आणि उजेड बाभळीच्या शेंड्यावर जातो. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिव्याखालचा स्क्रू फिरवून ती तिथे आणा. काच आतून पिवळी पडली असेल तर बल्ब बदलण्याआधी काच बदला.

जोडीचे फॉग लाइट लावायचे तर हेडलाइटच्या खाली, थोडे बाहेरच्या बाजूला वळवलेले. रोही समोरून येत नाही, धुऱ्याकडून (बांधाकडून) येतो. २० वॅटचे दोन दिवे साधारण साडेतीन अँपिअर खेचतात. १०० सीसीच्या गाडीच्या वायरिंगला हे जड जातं, म्हणून रिले (दिव्यांचा जादा करंट स्वतःवर घेणारा छोटा स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज घालूनच जोडणी करा, हेडलाइटच्या वायरला टोचून नाही. टोचलेली वायर पहिल्या पावसात दगा देते, आणि तेव्हा दोन्ही दिवे जातात.

उजेड नीट झाला तरी काय शोधायचं ते ठाऊक हवं. रोही, चितळ, गाय, कुत्रा यांचे डोळे उजेडात चमकतात. रानडुकराचे चमकत नाहीत. त्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदाच नसतो. त्यामुळे डुक्कर म्हणजे रस्त्यावरचा हलणारा काळा डाग, बस्स. म्हशीचे डोळे चमकतात, पण ती तुमच्याकडे पाठ करून चालत असेल तर उपयोग काय? नजर डोळ्यांवर नको, पायांवर ठेवा. डांबर आणि गवत जिथे मिळतात त्या पट्टीत काही हललं की थ्रॉटल सोडा, ओळख नंतर पटेल.

रोही एकटा दिसला तर तो बहुधा मोठा नर, दोनशे किलोच्या घरात. मादी दिसली तर मागे आणखी आहेत असंच धरायचं. डुकरांचंही तेच, मादीमागे पिल्लं ओळीने येतात आणि पहिली दोन गेल्यावर जो थ्रॉटल पिळतो तो चौथ्यावर आदळतो. कार्तिक-मार्गशीर्षात तूर माणसाएवढी असते, रस्त्याला लागून असलेल्या वावरातून रोही थेट डांबरावर उतरतो, मधे मोकळी जागाच नसते. पऱ्हाटी (कपाशी) आणि हरभऱ्याच्या वावरात निदान पाठ दिसते. पावसाळ्यात रात्री ढोरं डांबरावर येऊन बसतात, बाजूला चिखल आणि डास असतात म्हणून.

आता हाताचं काम. गाडी सरळ आणि उभी असताना दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिव्हर पिळत न्यायचा, झटक्यात आवळायचा नाही. २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत बहुधा सीबीएस असतं: पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. 'थोडा' हा शब्द महत्त्वाचा. पूर्ण ताकद हवी तर हाताचा लिव्हर वेगळा दाबावाच लागतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांत एबीएस असतं, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. लिव्हर थरथरला तरी सोडू नका, थरथर म्हणजे यंत्र काम करतंय. अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक जोरात दाबलं तर अजूनही सरकतं.

वळवून निघायचंच असेल तर आधी वेग पाडा, ब्रेक सोडा, मग वळवा. ब्रेक आवळलेला आणि हँडल वळवलेलं, या जोडीने माणूस जनावराला न लागताच पडतो. दिशा शेपटीची धरा, तोंडाची नाही, कारण जनावर पुढे जातं. अपवाद वासराचा: गाय पलीकडे गेली असेल तर ते तिच्याकडेच झेपावतं. बैलाला दोर असेल तर दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे, मधून जाऊ नका. कोंबडी, कुत्रा अशा लहान जनावरासाठी रस्ता सोडणं जास्त धोक्याचं. हँडल घट्ट, गुडघे टाकीला, बूड थोडं उचललेलं, आदळायच्या क्षणी ब्रेक सुटलेला. भुंकत मागे लागलेल्या कुत्र्याला लाथ मारायला पाय काढला की तोल गेलाच. वेग आधी कमी करा, कुत्रा चुकीच्या जागी पोहोचतो, मग निघा.

हॉर्न लांबून, एक-दोनदा, तोही गायकी (गुराखी) ऐकेल म्हणून. जवळ जाऊन वाजवला तर कळप फुटतो आणि अर्धी ढोरं तुमच्याकडेच येतात. रोही उजेडात खिळला असेल तर दिवा डिपरवर आणा, क्षणभर त्याचे डोळे मोकळे होतात.

लेगगार्ड जरूर लावा, पण कशासाठी ते समजून. गाडी आडवी झाली तर नडगी वाचते. रोह्याच्या धडकेत त्याचा काही उपयोग नाही, कारण रोह्याचं धड हँडलच्या उंचीवर असतं. तिथे हेल्मेटच कामी येतं. गळ्याचा पट्टा लावलेलं.

धडक झालीच तर माणसासाठी १०८. जखमी वन्यप्राण्यासाठी वनविभागाचा १९२६. जखमी रानडुकराच्या जवळ जाऊ नका आणि मेलेल्याला हात लावू नका, मांस उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर गाडीचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार.

शिट्टीला पाचपैकी अर्धा गुण, तोही स्वस्त आहे म्हणून. आधीच लावली असेल तर केसांच्या ड्रायरने टेप गरम करून अलगद काढा, ओढून काढली तर मडगार्डचा रंग निघतो.