डिग्रीतले ‘बाकीचे’ विषय : युनिव्हर्सिटीचे घ्यावे की स्वयमवरचे?

ऑफिसात दोघातिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. मुख्य विषय जिथे ॲडमिशन आहे तिथेच करायचे, त्यात काही बोलण्यासारखं नाही. प्रश्न आहे पर्यावरण, ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा, आपल्या आवडीने निवडायचा विषय) वगैरेंचा, जे पास व्हायला तर लागतात पण ज्यांच्यासाठी कोणी ॲडमिशन घेत नाही. मी पर्यावरण युनिव्हर्सिटीचंच घेतलं आणि इलेक्टिव्हला मानसशास्त्र स्वयमवरून (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) केलं, त्यातही एनपीटेलचं, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचं. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळलंय.

युनिव्हर्सिटीचा कोर्स वरवर बघता सोपा. क्रेडिट ट्रान्सफरची, म्हणजे बाहेर केलेला कोर्स आपल्या डिग्रीत धरून घ्यायची, भानगड नाही, वेगळी फी नाही, जुने पेपर व्हॉट्सॲपवर फिरत असतातच आणि दर आठवड्याला कोणी मागे लागत नाही. ज्यांची शिफ्ट बदलत असते त्यांना हे बरं पडत असेल.

पण माझ्या युनिव्हर्सिटीत असाइनमेंट हाताने लिहायची. ऐरोलीला आयटीत नऊ वर्षं काढल्यावर माझं अक्षर सहीपुरतंच उरलंय हो. पर्यावरणाला फुलस्केपची चाळीसेक पानं भरली, विषय पर्यावरण आणि कागद एवढा, हे बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली आधी लिही मग हस. कळव्याला घरी पोचून जेवून रात्री साडेदहाला बसायचं, पीडीएफ उघडायची आणि त्यातलंच जरा शब्द फिरवून उतरवायचं. पाणथळ जागांच्या टिपेत चिल्का होतं, भरतपूर होतं, आणि आपल्या ऑफिसच्या पलीकडची ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली तिचं नावही नाही. मी हौसेने चार ओळी घातल्या, कोणी वाचल्या असतील असं वाटत नाही. मग स्कॅनिंग. ट्यूबलाइटखाली धरलं की मोबाइलची सावली, पंखा लावला की पान उडतंय, फाइल मोठी झाली म्हणून कमी केली तर अक्षर दिसेना, आणि सगळं अपलोड केल्यावर कळलं की एक पान उलटं गेलंय. चार रात्री गेल्या आणि लिहिलेल्यातलं आज मला फक्त ते उलटं पान आठवतंय.

स्वयमवरच्या एनपीटेल कोर्सला दर आठवड्याला क्विझ असते, पर्याय निवडायचे आणि सबमिट. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी चांगल्या आठच धरतात, म्हणजे जुलैच्या बॅचला गणपतीत एक-दोन बुडाल्या तरी चालतं. माझी बहुतेक लेक्चर्स ट्रान्स-हार्बरच्या गाडीत दीडपट स्पीडवर झाली. आता यात काही चुकीचं नाही असं म्हणणार नाही. लेक्चर इंग्रजीतून, आणि नुसते पर्याय टिकमार्क करून लिहिण्याची सवय लागत नाही हे खरंच. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, तीही शनिवार-रविवारी, तेव्हा मेगाब्लॉक बघूनच घराबाहेर पडा. मी भरली तेव्हा परीक्षेची फी १००० रुपये होती. क्विझचे २५ आणि परीक्षेचे ७५ असे मार्क असतात आणि दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, तर क्विझवर काठावर राहू नका.

खरी मेख क्रेडिटची आहे. एनपीटेलचा बारा आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा धरतात, आठचा दोन, चारचा एक. माझ्या इलेक्टिव्हला तीनच लागत होते म्हणून निभावलं. तुम्हाला चार हवे असतील तर स्वयमवरच सीईसीचे (ही यूजीसीची संस्था) कोर्स बघा, तिथे चारवाले सापडतात. यूजीसीच्या नियमाने ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण कुठला विषय चालेल ते शेवटी तुमची युनिव्हर्सिटीच ठरवते.

ज्यांचं अक्षर चांगलं आहे आणि रात्री लिहीत बसायला आवडतं त्यांनी युनिव्हर्सिटीचं घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. मी जानेवारीला परत स्वयमच घेतोय. फक्त एन्रोल करायच्या आधी युनिव्हर्सिटीला मेल टाकून कोर्सचं नाव आणि क्रेडिट लेखी मंजूर करून घ्या, फोनवरच्या ‘चालेल, चालेल’वर राहू नका.